मानाचं कुत्रं

केशरबाईला चावलं ते साधंसुधं कुत्रं नव्हतं. त्याच्या पाठीवर आरशांची झूल होती, गळ्यात घागरमाळ होती, कपाळाला बाशिंग होतं आणि ते बोरखेडीच्या पोळ्याचा पहिला मान घेऊन वेशीतून चाललं होतं. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं केशरबाईच्या उजव्या हाताचा अंगठा येऊन बघावा. आणि कुत्र्याला बाशिंग बांधण्याइतका शहाणा माणूस जगात असेल का असं ज्याला वाटत असेल, त्यानं तातेराव पाटलाला पाहिलेलं नाही.

बोरखेडी हे घनसावंगी तालुक्यातलं, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव. इथं पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिलं जनावर जातं ते तातेरावाच्या घरचं. तातेरावाच्या आज्याच्या गोठ्यात बारा बैल होते, बापाच्या गोठ्यात चार. तातेरावाच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो आणि दावणीच्या जागी डिझेलचे कॅन. बैल विकताना त्याला काही वाटलं नाही, पण बैलांचा मान मात्र सोडवेना. मग तो दर पोळ्याला कुठूनतरी भाड्याची जोडी आणायचा, तिची शिंगं रंगवायचा आणि दिवसभर मिशीला पीळ देत मिरवायचा. संध्याकाळी जोडी परत जायची. त्या बैलांची नावंसुद्धा त्याला ठाऊक नसायची.

या मानाला एक शेपूट होतं. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी तोरणाचा नारळ मारुतीच्या पारावर मानकऱ्याला मिळायचा, पण नुसता हात पुढं केला म्हणून नाही. गुरव तीनदा विचारायचा, "तोरणाखालून पहिलं गेलं ते जनावर कोणाचं?" आणि मानकऱ्यानं अख्ख्या गावादेखत म्हणायचं, "आमचं. आमच्या दावणीचं, आमच्या दाण्यापाण्याचं." तिसऱ्या हाकेपर्यंत उत्तर आलं नाही तर मान पुढच्या घराला. पुढचं घर रामरावाचं. रामरावाच्या दारात अजून खरी बैलजोडी आहे आणि गेली तीन वर्षं तो या भाडोत्री दावणीकडे बघत दात खात बसला होता. मागच्या वर्षी त्यानं पारावरच तोंड उघडलं. बैल कुंभार पिंपळगावच्या माणसाचे, भाडं किती ठरलं तेही त्याला ठाऊक होतं. पंचांनी पाटलाची लाज राखून त्या वर्षी नारळ दिला, पण पुढच्या वर्षी जनावर घरचं पाहिजे, असं बजावलं.

झालं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? बैल घेतले असते, नाहीतर मान सोडला असता. पण तातेरावाला अंगद नावाचा मुलगा होता. अंगद जालन्यात शिकून आला होता, म्हणजे तिथं तीन वर्षं राहून आला होता. येताना त्यानं पदवी आणली नाही, डॉबरमन जातीचं एक पिल्लू आणलं. त्याचं नाव ब्रुनो. डॉबरमनचे कान उभे पाहिजेत असं अंगदनं मोबाइलवर पाहिलं होतं, म्हणून मेंढ्या कातरणाऱ्याला बोलावून, त्याच्याच कातरीनं, पिल्लाचे कान कापून घेतले. एक कान उभा राहिला, दुसरा जखम चिघळून कायमचा लोंबला. मग ते गच्चीवर बांधलं. हात-दीड हाताची साखळी, वर पत्रा, खाली सिमेंट. उन्हाळ्यात गच्चीवर पाय ठेवला की माणूस नाचायला लागतो, तिथं ते दोन वर्षं होतं. खाली यायचं ते फक्त व्हिडिओ काढायचा असला की. येणाऱ्या-जाणाऱ्यावर ते भुंकलं की बापलेक खूश. गावाला आपली भीती वाटते, असं त्यांना वाटायचं.

पंचांचा निकाल ऐकून तातेराव वर्षभर कुढत होता. पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा अंगदनं तोडगा काढला.

"बाबा, पंच काय म्हणले? जनावर घरचं पाहिजे. बैलच पाहिजे असं कुठं म्हणले? आपल्या ब्रुनोचे तर कागद हायत."

तातेरावाला हे पटलं. एवढंच नाही, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं कुत्र्याची खांदेमळणीही केली. जन्मात ज्यानं जू बघितलं नाही त्या कुत्र्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली. कुत्र्यानं ती चाटून टाकली. त्या सगळ्या खटाटोपात तेवढीच एक गोष्ट अक्कलहुशारीची झाली.

आता केशरबाईकडे येऊ. केशरबाई कुंभारीण, साठी ओलांडलेली, नवऱ्यामागं सून शालू हिच्या जोडीनं भट्टी चालवणारी. पोळ्याला घरोघर पुजायचे मातीचे बैल तिच्याच हातचे. त्या दिवशी तिचाही एक मान असतो. वेशीत पहिल्या जनावराच्या पायांवर नव्या घागरीतलं पाणी घालायचं ते कुंभाराच्या घरानं. चाळीस वर्षं ती ते घालत आली होती. बैल भाड्याचे असले तरी तिला त्याचं काही नव्हतं. पाय दमलेले असतात, पाणी गार असतं, बस्स.

त्या संध्याकाळी ती घागर घेऊन वेशीत उभी होती. समोरून हलगी आली, अंगदचे मित्र मोबाइल वर धरून उलट्या पावलांनी चालत आले, आणि मध्ये हे बाशिंगवालं कुत्रं. तोंडाला जाळी नाही. साखळी व्हिडिओत चांगली दिसत नाही म्हणून गोंडे लावलेला सुती कासरा, आणि तोही अंगदच्या एका बोटात गुंडाळलेला. कुत्र्याचं पोट लोहाराच्या भात्यासारखं वरखाली होत होतं. लोंबता कान मागं, डोळे पांढरे. केशरबाईला जनावरं कळत होती. ती घागर कमरेवर ठेवून तशीच उभी राहिली.

"पाटील, हे बिचकून राह्यलं. घेऊन जा याला घरी."

"केशरबाई, मानाचं पाणी हाय. घाल गुमान."

"कुत्र्याच्या पायावर?"

"जनावराच्या पायावर. जनावर घरचं हाय, पंचाला इचार. जल्दी कर, मागं गाव खोळंबलंय."

चाळीस वर्षांची सवय वाईट. ती वाकली. पहिली धार कुत्र्याच्या पायांवर पडली आणि नेमकं त्याच क्षणी अंगदच्या मित्रांनी फटाक्यांची माळ लावली. कुत्र्याला पळायला जागा नव्हती. पुढं केशरबाईचा हात होता. त्यानं तो धरला.

घागर फुटली. अंगदनं कासरा सोडला आणि वेशीच्या ओट्यावर चढून बसला. तातेराव तर त्याच्याही आधी चढला होता. मागं रामरावाची जोडी शांत उभी होती. रामरावानं आपल्या बैलाच्या पाठीवरची झूल ओढली आणि कुत्र्याच्या डोक्यावर टाकली, तेव्हा कुठं अंगठा सुटला. केशरबाई खाली बसली. समोर झुलीखाली ते कुत्रं थरथर कापत होतं. तिच्या हातातून रक्त वाहत होतं आणि तरी तिच्या मनात आलं, की या दोघांपेक्षा हे बिचारं जास्त घाबरलंय.

गावात शहाण्यांची कमी नाही. एक म्हणाला जखमेत चटणी भरा. दुसरा म्हणाला सात विहिरींत डोकाव, विष हमखास उतरतं. केशरबाईनं कोणाचं ऐकलं नाही. शालूला घेऊन ती नळाखाली गेली आणि साबण लावून पाव तास हात धूत बसली. ओरडली, रडली, पण धूत राहिली. तिचा थोरला दीर असाच कुत्रं चावल्यावर सात विहिरींत डोकावून आला होता. दोन महिन्यांनी तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, तर तो भिंतीला जाऊन चिकटला आणि पाणी दिसतंय म्हणून किंचाळला. तीन दिवसांत गेला. ती किंकाळी केशरबाई विसरली नव्हती.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पहिली सुई मिळाली, दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन जखमेत द्यायचं औषध. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलणं स्पष्ट.

"आजी, सगळ्या सुया वेळेवर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. आणि त्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. मारायचं नाही, सोडायचं नाही. दहा दिवसांनी ते धडधाकट असलं, तर त्या चाव्यातून तुम्हाला काही झालेलं नाही, हे पक्कं. मेलं किंवा हरवलं, तर मला काहीच सांगता येणार नाही. आणि त्याला पिसाळण्याची लस दिली होती का, तेवढं मालकाला विचारा."

केशरबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. दहा दिवस कुत्रं बघायचं, एवढंच ना? कुत्रं तर गावचं मानाचं जनावर. बाशिंग बांधलेलं. ते कुठं हरवतंय?

गावात येऊन ती तशीच तातेरावाच्या दारात गेली. तातेराव ओट्यावर बसला होता.

"पाटील, तुमच्या कुत्र्याला लस टोचली व्हती का?"

"कोणतं कुत्रं?" तातेराव म्हणाला.

केशरबाईला आधी वाटलं, रक्त गेल्यामुळं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. पण तातेराव पुन्हा तेच म्हणाला. पोळ्याच्या संध्याकाळी कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की आता पाळीव कुत्र्यानं माणूस चावला तर मालकावर गुन्हा दाखल होतो. रात्रीतून त्यानं आपलं घरचं, कागदवालं, तूप-हळद लावलेलं जनावर परकं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकीवरही हेच नाटक. जमादार माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. त्यानं तातेराव आणि अंगदला बोलावून घेतलं. तातेरावानं जबाब दिला, की ते गावातलं भटकं कुत्रं होतं आणि मिरवणुकीत घुसलं होतं.

"मंग झूल?" जमादारानं विचारलं.

"कोणीतरी घातली आसंल. पोरं मस्करी करतात."

"बाशिंग?"

"तेच की."

"व्हिडिओत तुमच्या पोरानं कासरा धरलाय."

"मी त्याला लोकाईच्या अंगावर जाऊ न्हाई म्हणून धरलं व्हतं," अंगद म्हणाला. वर पाच मिनिटं स्वतःच्या शौर्याचं वर्णन केलं. ओट्यावर चढल्याचं त्यात नव्हतं.

"आन् आता कुत्रं कुठंय?" केशरबाई मध्येच बोलली.

"पळून गेलं," तातेराव म्हणाला. "भटकं व्हतं ना."

जमादारानं पेन टेबलावर ठेवलं. "मावशी, जनावराचा बंदोबस्त ठेवला न्हाई म्हणून कलम लागतं, दोनशे एक्याण्णव. पण त्याला मालक लागतो. गावात चार जणांना इचारलं, कोणालाच ठाऊक न्हाई म्हणतात. रामराव सांगायला तयार हाय, पण त्याचं यांच्याशी वाकडं. भटकं ठरलं तर मी कोणावर लिहू? आन् कुत्रं ताब्यात ठेव म्हणून सही कोणाची घेऊ?"

चार जणांना ठाऊक नाही, हे बरोबर होतं. त्या चौघांच्या शेतात तातेरावाचा ट्रॅक्टर चालतो. परवापर्यंत त्या कुत्र्याचं नाव पोरासोरांना पाठ होतं, व्हिडिओ घरोघर फिरत होता, आणि आता अख्ख्या गावानं कानावर हात ठेवले होते. केशरबाई चौकीच्या पायरीवर बसली. हात ठणकत होता. त्याहून जास्त ठणकत होती ती दिराची किंकाळी. आता दहा दिवस कोणाकडे बघायचं? दोन महिने, चार महिने, प्रत्येक वेळी पाण्याचा पेला उचलताना आपण घाबरलोय का, हे तपासत बसायचं? आणि हे सगळं कशापायी, तर एका माणसाला आपली मिशी आणि आपली कातडी, दोन्ही वाचवायची आहेत म्हणून. तिला रडू आलं नाही. संताप आला.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुसरी सुई घेऊन एसटीतून उतरली, तर फाट्यावर मुझफ्फर तिची वाट बघत होता. मुझफ्फर गुरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टीचं काम करतो, पंचक्रोशीतल्या प्रत्येक म्हशीला नावानं ओळखतो. त्याची आई शकीला दर रमजानला पाण्याच्या सुरया केशरबाईकडूनच घ्यायची.

"खाला, कुत्रं पळालेलं न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तातेराव पाटलाच्या मळ्यात खताचं पत्र्याचं शेड हाय ना, त्यात कोंडलंय. काल अंगदचा फोन आल्ता मला. आधी म्हणला, मागच्या तारखेचं लशीचं सर्टिफिकेट दे. मी म्हणलं, टोचलंच न्हाई तर देऊ कसं? मंग म्हणला, एखादं इंजेक्शन दे, कायमचं झोपंल असं. मी फोन ठेवून दिला आन् शेडकडं गेलो. कुलूप हाय. फटीतून पाह्यलं. जितं हाय अजून. पण तीन दिवस पाणी न्हाई त्याला."

"पाणी न्हाई?"

"यांची आत जायची हिंमत न्हाई. खिडकीतून भाकरी फेकली. पाण्याची बाटलीबी फेकली, झाकणासगट."

झाकणासकट. केशरबाईच्या डोळ्यांपुढं ती बाटली आली आणि त्या बाटलीभोवती फिरणारं कुत्रंही आलं. भाद्रपदाचं ऊन, वर पत्रा. उद्या-परवा ते तहानेनं मरेल, हे लोक सुटकेचा श्वास टाकतील, आणि ते तहानेनं मेलं की पिसाळून मेलं, हे केशरबाईला कधीच कळणार नाही. जिच्या हाताचा लचका तोडला तिलाच आता ते कुत्रं जगायला हवं होतं, सगळ्या जगात फक्त तिला.

"तू साहेबाला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. आमचे डॉक्टरसाहेब जमादाराला बोलले. जनावर असं उपाशी कोंडलं तर त्याचाबी कायदा हाय, एकोणीसशे साठचा. पण पाटील म्हणंल, भटकं कुत्रं माझ्या शेडात घुसलं, मला काय म्हाईत. पुन्यांदा तेच."

केशरबाईनं बोटांवर दिवस मोजले. मग तिनं विचारलं, "आज पोळ्याला तिसरा दिवस ना?"

"हा."

"मंग दुपारी जमादाराला मारुतीच्या पारावर घेऊन ये. म्हणावं, वही आण. बाकी काही बोलू नको."

तिला तातेराव लहानपणापासून माहीत होता. कायद्याला तो भितो, हे खरं. पण एका गोष्टीला तो कायद्याहूनही जास्त भितो, आणि ती गोष्ट म्हणजे रामरावाचं हसू.

दुपारी पारावर गाव जमलं. तोरणाचा नारळ ठेवायला नवं मडकं लागतं, ते कुंभाराच्या घरचं, म्हणून केशरबाईला पुढची जागा होती. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात मडकं. तातेराव फेटा बांधून आला. त्याचा बेत सोपा होता. गुरवाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की यंदा विचारपूस नको, नुसता नारळ हातात दे. गुरवानं मान हलवली होती. गुरवाच्या शेतातही ट्रॅक्टर त्याचाच चालतो.

गुरवानं मडक्यातल्या नारळाला हात घातला, तातेरावानं हात पुढं केला, आणि केशरबाईनं मडकं मागं घेतलं.

"थांबा महाराज. रीत इसरलात काय? इचारा ना."

गुरव चाचरला. मागून रामराव मोठ्यानं म्हणाला, "बराबर हाय. इचारा."

लोकांनाही आता मजा वाटू लागली. साक्ष द्यायला ज्यांची जीभ टाळूला चिकटली होती, ते आता "रीत हाय, रीत हाय" म्हणून ओरडू लागले. गुरवाचा नाइलाज झाला.

"तोरणाखालून पहिलं गेलं ते जनावर कोणाचं?"

तातेरावानं तोंड उघडलं आणि त्याला पिंपळाखाली जमादार दिसला. मांडीवर वही. शेजारी मुझफ्फर. तातेरावानं तोंड मिटलं.

"तोरणाखालून पहिलं गेलं ते जनावर कोणाचं?"

अंगद बापाचा सदरा ओढत होता, "बाबा, बोलू नका" म्हणत होता. केशरबाई तातेरावाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. हा आज गप्प राहिला तर कुत्रं गेलं. कुत्रं गेलं की आपली झोप गेली, कदाचित आपणही गेलो. साठ वर्षांत तिनं मारुतीकडे काही मागितलं नव्हतं. आज मागितलं, की या माणसाची मस्ती थोडी आणखी वाढव.

"चौकीवर भटकं हाय म्हणून लिहून दिलंय त्यांनी," ती लोकांकडे बघून शांतपणे म्हणाली. "म्हणजे यंदा पाटलांच्या घरचं काहीच गेलं न्हाई तोरणाखालून. मंग पहिली जोडी रामरावाचीच झाली ना?"

रामराव उठला. त्यानं फेटा सारखा केला, धोतराचा सोगा हातात घेतला आणि तो हसला. फार नाही, नुसते पुढचे दोन दात दिसले.

"तोरणाखालून पहिलं गेलं—"

"आमचं!" तातेराव ओरडला. "आमच्या घरचं हाय ते! कोण म्हणतं भटकं? कागद हायत त्याचे माझ्याजवळ! आमच्या दावणीचं, आमच्या दाण्यापाण्याचं!"

अंगदनं डोक्याला हात लावला. गावानं टाळ्या वाजवल्या. तातेरावानं नारळ हिसकावून छातीशी धरला आणि रामरावाकडे असं पाहिलं, की जणू लढाई जिंकली. ते समाधान त्याला जमादार पारापर्यंत चालत येईतो मिळालं.

"पाटील, जरा सावकाश सांगा, नीट लिहून घेतो," जमादार म्हणाला. "दावणीचं... आन् पुढं काय?"

"दाण्यापाण्याचं," गुरवानं सांगितलं. त्याला वाटलं, आपण मदत करतोय.

"चला तर मंग," केशरबाई म्हणाली, "तुमच्या दाण्यापाण्याचं जनावर बघून येऊ."

अर्धं गाव मळ्याकडे निघालं. शेडचं कुलूप उघडायला तातेरावाचा हात धजेना, ते मुझफ्फरनं उघडलं. आत वास मारत होता. खताच्या गोण्यांमागं कुत्रं पडलं होतं, अजूनही बाशिंगाचा कागद कानाजवळ चिकटलेला. दात लावून लावून चोळामोळा केलेली ती बाटली दारातच होती. झाकण तसंच होतं. मघाशी टाळ्या वाजवणारे मागं सरकले. मुझफ्फरनं मातीच्या परळात पाणी ओतलं आणि काठीनं तो आत सरकवला.

कुत्रं उठलं नाही. केशरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला दीर दिसला, तांब्या दिसला, भिंत दिसली. मग कुत्र्यानं डोकं उचललं, पोट घासत ते पुढं आलं आणि परळात तोंड घालून लपालपा पाणी प्यायला लागलं. ते संपल्यावर परळ चाटत राहिलं. केशरबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती तिथंच खाली बसली आणि सगळ्यांदेखत रडली. तिला कोणाची लाज वाटली नाही.

तातेरावावर दोन गुन्हे लिहिले गेले, एक माणसाच्या बाजूनं, एक कुत्र्याच्या. कुत्रं गुरांच्या दवाखान्यातल्या रिकाम्या खोलीत ठेवलं. केशरबाई रोज परळ घेऊन जायची, जाळीतून सरकवायची आणि ते पाणी पिईपर्यंत हलायची नाही. चौथ्या दिवशी प्यायलं. सहाव्या दिवशी प्यायलं. आठव्या दिवशी तिला बघून शेपटी हलवली, तर तिनं त्याला चांगल्या चार शिव्या दिल्या. दहाव्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी त्याला तपासून कागदावर सही केली. मग जालन्यात जखमी जनावरं सांभाळणारी काही माणसं आहेत, ती येऊन त्याला घेऊन गेली. मालकी सोडतानाच्या कागदावर जनावर वागवायला आपण असमर्थ आहोत असं छापलेलं होतं, आणि त्याखाली तातेरावानं इंग्रजीत सही केली.

त्या दुपारी तातेराव केशरबाईच्या भट्टीवर आला. पहिल्यांदाच आला. उभ्या उभ्याच बोलला.

"केशरबाई, झालं ना आता? कुत्रं चांगलं निघालं. पिसाळलेलं नव्हतं. मंग केस कशाला? मागं घे. तुला काय पाहिजे ते सांग."

केशरबाईच्या अंगठ्याची पट्टी निघाली होती, पण तो पुरता वाकत नव्हता. पुढं वाकेल की नाही, डॉक्टरीणबाईलाही सांगता आलं नव्हतं. तरी ती सकाळपासून मातीशी झटत होती. तिनं फळीवरून नुकतीच केलेली मातीच्या बैलांची जोडी उचलली. अंगठा चालत नसल्यामुळं एकाचं शिंग वाकडं झालं होतं, दुसऱ्याचे पाय आखूड. चाळीस वर्षांत एवढं वाईट काम तिच्या हातून झालं नव्हतं. तिनं ती जोडी तातेरावाच्या हातात ठेवली.

"केस ऱ्हाऊ द्या, पाटील. ही जोडी न्या. पुढच्या पोळ्याला कामाला यील."

"हे काय?"

"घरचं जनावर. हे खायला मागत न्हाई, पाणी मागत न्हाई, उन्हात ठेवलं तरी मरत न्हाई. तुमाला झेपंल असं दुसरं जनावर माझ्या तरी बघण्यात न्हाई."

ती पुन्हा मातीकडे वळली. तातेरावाची पंचाईत झाली. बैल फेकावेत तर समोर शालू बघत होती, न्यावेत तर अख्ख्या गावातून न्यावे लागणार होते. शेवटी त्यानं ते धोतराच्या सोग्याखाली झाकले आणि घाईघाईनं निघाला. वेशीपाशी रामराव बसलेला होता.